काकूंची मेस, कर्वेनगर : इथे मला अंदाज लावत बसावं लागत नाही

दोन वर्षं चार महिने झाले या मेसची मेंबर आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. रिव्ह्यू मोठा आहे हे आधीच सांगते, आणि त्यात जेवण सोडून बाकीचंही बरंच आहे, कारण मी ऑटिस्टिक आहे आणि मेसमध्ये जेवणं हा माझ्यासाठी नुसता पोळीभाजीचा प्रश्न नसतो, माणसांचा असतो. वाढणारा माणूस असा का बघतोय, काकू चिडल्यात की नेहमीच अशा बोलतात, समोरची मुलगी "बस ना" म्हणाली ते मनापासून की रीत म्हणून, हे सगळं ताट समोर असताना डोक्यात चालू असतं आणि बऱ्याचदा त्यातच जेवण गार होतं.

ज्यांना फक्त जेवणाचं पाहिजे त्यांच्यासाठी आधी ते. दोन वेळची मेस महिना ३,४०० रुपये, एक वेळची १,९००, सुटं ताट ९० रुपये. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, आमटी-भात, कोशिंबीर, ताक. भात पाहिजे तेवढा, चौथ्या पोळीपासून पैसे. पोळी पातळ, गरम आणि कडेपर्यंत भाजलेली असते. आमटी गोड्या मसाल्याची, थोडी गुळचट, आमच्या सांगली साइडच्या लोकांना सुरुवातीला चालत नाही पण मग सवय होते, आणि ठेचा मागितला तर वेगळ्या वाटीत देतात, ताटात टाकत नाहीत, हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे कारण एक पदार्थ दुसऱ्याला लागला की मला तो खाववत नाही. शनिवारची मटकीची उसळ चुकवू नका. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. खाडा सलग तीन दिवसांच्या वर असेल तरच धरतात आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आता पहिल्या आठवड्याचं सांगते. मी सीए ऑफिसात जीएसटी रिटर्न भरायचं काम करते, संध्याकाळी साडेसातला सुटले की डोकं पूर्ण रिकामं झालेलं असतं, त्या अवस्थेत मी पहिल्यांदा इथे आले. काकू काउंटरवर होत्या, कपाळाला आठ्या, आणि मोठ्या आवाजात "काय पाहिजे?" मला वाटलं चिडल्या. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मी घरी जाऊन विचार करायचे की काय केलं मी, ताट जागेवर ठेवलं नाही का, पैसे सुटे दिले नाहीत का, एकदा तर उठून तीन दिवसांचं सगळं वहीत लिहून काढलं. चौथ्या दिवशी सरळ विचारलं, "काकू, तुम्ही माझ्यावर चिडलाय का?" काउंटरजवळची दोन मुलं माझ्याकडे बघायला लागली. काकू म्हणाल्या, "अगं नाही गं, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं बोलते, आणि त्या ट्यूबलाइटनं डोळे चुरचुरतात माझे. तुझ्यावर कशाला चिडू?" एवढंच. मग हसल्या पण नाहीत माझ्यावर, पुढच्या माणसाला "काय पाहिजे" म्हणाल्या, त्याच आवाजात.

हे उत्तर किती मोठं आहे हे सगळ्यांना कळेल की नाही माहीत नाही. आयुष्यभर मी असं विचारलं की लोक "काही नाही गं, असं का वाटतंय तुला" म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा आणखी बदलतो, म्हणजे प्रश्न एक होता त्याचे दोन झाले. काकूंनी कारण सांगितलं. कान आणि ट्यूबलाइट. दोन्ही गोष्टी तपासून बघता येण्यासारख्या आहेत.

आमच्याकडे तासगावला पाहुणा जेवायला बसला की आग्रह करायचाच आणि पाहुण्याने "नको नको" म्हणायचंच. त्यात "नको" म्हणजे कधी "वाढा" असतं आणि कधी खरंच नको असतं, आणि कधी कोणतं हे माझ्या भावंडांना कुणी न शिकवता कळलं, मला नाही कळलं. एका लग्नात मी सात वर्षांची असताना यजमानीणबाई म्हणाल्या "अजून एक जिलबी घे", मी घेतली, परत म्हणाल्या, परत घेतली, पाच झाल्या, घरी आल्यावर आई ओरडली की तुला समजत नाही का. मला खरंच वाटलं होतं की मी खाल्ल्याने त्यांना आनंद होतोय, त्या हसतच होत्या की. आत्या निघताना "येते गं" म्हणाली की मी दारात थांबून राहायचे, कारण येते म्हणाली म्हणजे येणार. बांगडी फुटली की "वाढवली" म्हणायचं. "बघू" म्हणजे नाही. आपली सगळी भाषाच अशी आडवळणाने जाणारी आहे आणि ती बाकीच्यांनाही शिकावीच लागते, फक्त त्यांचं शिकणं कुणाला दिसत नाही आणि माझं न शिकणं सगळ्यांना दिसतं.

आता इथला नियम. वाटी पालथी घातली म्हणजे बास. वाटी सरळ म्हणजे वाढा. पोळी नको असेल तर ताटावर हात आडवा, हात नसेल तर पोळी येणार. मेसमध्ये चाळीसएक मेंबर आहेत आणि सगळे हे पाळतात, वाढणाऱ्या मावशी तोंडाने विचारतच नाहीत. हा नियम माझ्यासाठी केलेला नाही, मी यायच्या आधीपासून आहे. मावशींना आग्रहाची सवय होती आणि अन्न वाया जायला लागलं म्हणून काकूंनी काढला. पण मला पहिल्यांदा असं जेवता आलं की कुणाच्या "घे की" मध्ये किती खरं आणि किती रीत हे मोजत बसावं लागलं नाही. मी पूर्ण जेवले त्या दिवशी. दोन वाट्या आमटी.

मला ऑटिझमचं निदान २९व्या वर्षी मिळालं. निदान करणाऱ्या बाईंनी समजावताना सांगितलं की तुमच्यासारख्या लोकांना समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि चेहऱ्यांची कार्डं दिली, आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. मी ती पाठ केली. कार्डावरचा रागावलेला माणूस दात दाखवतो. माझ्या ऑफिसमध्ये रागावलेला माणूस "ठीक आहे" म्हणतो आणि मॉनिटरकडे बघतो. काकूंच्या आठ्या कार्डावरच्या रागाशी नव्वद टक्के जुळत होत्या आणि त्या रागावलेल्याच नव्हत्या. म्हणून मी स्वतः वाचायला लागले की हे "मनातलं कळत नाही" आलं कुठून.

तर १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक प्रयोग केला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती काढून खोक्यात ठेवते, सॅली परत येते, आता सॅली गोटी कुठे शोधेल? बरोबर उत्तर टोपलीत, कारण तिला बदल माहीत नाही. २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी खोकं दाखवलं, जिथे गोटी खरोखर होती. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ आणि बाकीच्या २७ लहान मुलांपैकी २३ जणांनी बरोबर सांगितलं. यावरून "थिअरी ऑफ माइंड" (म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज लावता येणं) हा शब्द आमच्या नावाला चिकटला, आणि तो शब्द मुळात १९७८ मध्ये प्रीमॅक आणि वुड्रफ या संशोधकांनी चिंपांझीबद्दल प्रश्न विचारताना वापरला होता, हे वाचून मला बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

पण त्यातल्या चार मुलांना जमलं होतं ना. आणि पुढे दिसलं की ज्या ऑटिस्टिक मुलांची भाषा पुढे गेलेली असते ती हा प्रश्न बरीचशी सोडवतात, फक्त उशिरा. आणखी एक गोष्ट मला फार पटली, ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरात वाढलेली आणि खुणांची भाषा उशिरा मिळालेली कर्णबधिर मुलंही याच प्रश्नात मागे पडतात, म्हणजे ज्याच्या आजूबाजूला मनातलं बोलून दाखवणारं कुणी नाही त्याला मनाचं गणित उशिरा येतं. मला सॅलीचा प्रश्न अवघड नाहीये. मी जीपेने पैसे टाकले आणि काकूंनी फोन बघितला नाही तर त्यांना ते माहीत नसणार, हे मला व्यवस्थित कळतं. समोरच्याला काय माहीत आहे हे मी काढू शकते. तो जे बोलला त्यातून त्याला माझ्याकडून काय हवंय, तिथे मी अडकते.

आणि जे कळतं तेही आपोआप नाही कळत. २००९ मध्ये सेंजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅस्पर्गर (हा ऑटिझमचाच एक प्रकार मानायचे) असलेल्या प्रौढांवर काम केलं, सॅलीसारखा प्रश्न तोंडी विचारला तर ते उत्तर बरोबर द्यायचे, पण तसाच प्रसंग नुसता व्हिडिओत दाखवला तर त्यातला माणूस चुकून जिथे शोधणार त्या जागेकडे बाकीच्यांची नजर जशी आधीच वळते तशी त्यांची वळत नव्हती. माझं असंच आहे. उत्तर येतं पण हिशोब मांडून येतं, दरवेळी पहिल्यापासून, आणि दिवसभर असे शंभर हिशोब मांडून झाले की रात्री साडेसातला "काय पाहिजे?" या दोन शब्दांचाही हिशोब लागत नाही. म्हणून जिथे असे हिशोब कमी मांडावे लागतात ती जागा मला आवडते. एवढं साधं आहे ते.

आता दुसरी बाजू, आणि मला वाटतं ही जास्त महत्त्वाची आहे. मी इथे यायला लागून दोन आठवडे झाले होते तेव्हा मावशी रोज माझ्या ताटात काहीतरी वेगळं आणून ठेवायच्या, एकदा लोणचं, एकदा दही, एकदा त्यांच्या स्वतःच्या डब्यातली वांग्याची भाजी. मला टेन्शन आलं, कारण फळ्यावर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळं काही आलं की मला जेवणच सुरू करता येत नाही. मग काकूंशी त्या मोठ्या आवाजाचं बोलणं झाल्यावर हिंमत आली होती म्हणून हेही विचारलं. तर काकू म्हणाल्या, "मावशी म्हणते त्या पोरीला आपलं जेवण आवडतच नाही. मान खाली घालून जेवते, एकेक वाटी संपवते, कुणाशी बोलत नाही, तोंड असं." मला जेवण इतकं आवडत होतं की मी ऑफिसमधून निघताना फळ्यावर आज काय असेल याचाच विचार करायचे! आवडलं की मी गप्प होते आणि एकेक पदार्थ पूर्ण संपवते, माझा आनंदी चेहरा तोच आहे. म्हणजे मी काकूंच्या आठ्या चुकीच्या वाचल्या आणि मावशींनी माझी खाली घातलेली मान चुकीची वाचली. दोघी चुकलो. मग ऑटिझमचं निदान माझ्या एकटीचंच का?

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, त्यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच मांडलं, त्याला डबल एम्पथी प्रॉब्लेम म्हणतात. जगाचा अनुभव वेगळा असलेली दोन माणसं भेटली की न समजणं दोन्हीकडून असतं, पण एक बाजू संख्येने जास्त असल्यामुळे तिचं न समजणं मोजलं जात नाही. २०१६ मध्ये एलिझाबेथ शेपर्ड आणि त्यांच्या टीमने ऑटिस्टिक आणि इतर लोकांचे छोटे व्हिडिओ घेतले, कुणाला विनोद सांगितला, कुणाचं कौतुक केलं, आणि पाहणाऱ्यांना विचारलं या माणसाला नुकतं काय झालं असेल. ऑटिस्टिक चेहऱ्यांवरून लोकांना ते ओळखणं बरंच अवघड गेलं, चेहऱ्यावर भाव कमी होते म्हणून नाही, भाव होते पण ओळखीचे नव्हते. हे वाचताना मला मावशींच्या डब्यातली वांग्याची भाजी आठवत होती.

कॅथरीन क्रॉम्प्टन यांचाही एक प्रयोग आहे, २०२० चा, आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानोकान पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली जेवढी सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत, आणि मिसळलेल्या साखळीत जास्त गळली. नंतरच्या मोठ्या प्रयोगात मिसळलेल्या साखळीचा हा तोटा तसा दिसला नाही, हेही सांगायला पाहिजे, पण ऑटिस्टिक लोक सांगण्या-ऐकण्यात कमी पडतात असं दोन्हीत निघालं नाही. मला तर मिसळलेली साखळी नीट चालू शकते हे जास्त आशेचं वाटतं, कारण मी रोज अशाच एका साखळीत जेवते.

त्या प्रसंगानंतर मावशींनी एकच बदल केला. आता त्या जाताना विचारतात, "आवडलं?" आणि मी हो किंवा नाही सांगते. नाही सांगितलेलं त्यांना चालतं. पहिल्यांदा मी "शेपू आवडला नाही" म्हटलं तेव्हा बाजूच्या मुलाने माझ्याकडे वळून बघितलं पण मावशी म्हणाल्या "बरं, शेपू असेल त्या दिवशी तुला पिठलं सांगते", आणि सांगतात. घरी, ऑफिसमध्ये, कुठेही मी खरं बोलले की ते उद्धट ठरतं. मावशींना माहिती हवी होती, ती मिळाली, विषय संपला.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक नवीन मुलगी मेंबर झाली, समोरच्या हॉस्टेलची, ती चारपाच दिवस माझ्यासमोर बसली आणि मग दुसरीकडे बसायला लागली. मी शिष्ट आहे असं ती काकूंना म्हणाली, हे काकूंनीच मला सांगितलं, लपवलं नाही. मी ऑफिसमध्ये वापरते ती पद्धत वापरली, चिठ्ठी लिहिली. लिहिलं की मी ऑटिस्टिक आहे, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं तर मला शब्द ऐकू येत नाहीत म्हणून मी ताटाकडे बघते, तू सोलापूरच्या शेंगाचटणीबद्दल सांगत होतीस ते मी सगळं ऐकलंय आणि मला त्यावर दोन प्रश्न आहेत. ती परत आली. आता ती घरून येताना चटणी आणते. नोआ सॅसन यांचा २०१७ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांनी ऑटिस्टिक माणसांचे काही सेकंदांचे व्हिडिओ बघून लगेच ठरवलं की यांच्याशी मैत्री नको, पण तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं तर ही नावड गेली. चिठ्ठी का चालते याचं मला याहून चांगलं उत्तर मिळालेलं नाही. ज्यांना अशी अडचण येते त्यांनी करून बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरही चालतं.

एक दिवस असा आला की मी बरोबर होते आणि बाकी सगळे चुकले. काकू काउंटरवर नेहमीसारख्या होत्या, सगळ्यांशी बोलत होत्या, हसत पण होत्या. मला हसण्यावरून काही कळत नाही म्हणून मी हसणं धरतच नाही. मी बाकीचं बघते. फळ्यावर कालची तारीख होती. आमटीत मीठ नव्हतं. पाण्याचं पिंप, जे काकू रोज सातच्या आत स्वतः भरून घेतात, अर्धं होतं. तीन गोष्टी एकाच दिवशी दीड वर्षात कधी झाल्या नव्हत्या. मी काउंटरवर जाऊन त्या तिन्ही सांगितल्या आणि विचारलं, "काही झालंय का?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या भावाला कराडला अ‍ॅडमिट केलं होतं आणि त्यांना चाळीस ताटं सोडून निघता येत नव्हतं. त्या रात्री मी आणि त्या सोलापूरच्या मुलीने मावशींबरोबर वाढलं आणि काकू साडेआठच्या एसटीने गेल्या.

याचा अर्थ मला मनातलं ओळखायची काही खास शक्ती आहे असा नाही हं. दोन महिन्यांनी परत फळ्यावर कालची तारीख दिसली, मी धावत जाऊन विचारलं, तर मार्कर वाळला होता. माझी पद्धत चेहऱ्याची नाही, सवयींची आहे. माणूस रोज काय करतो हे मी लक्षात ठेवते आणि बदल झाला की विचारते. कधी ती लागू पडते, कधी नाही. चेहरा वाचणाऱ्यांचंही तसंच असावं, फक्त ते विचारत नाहीत म्हणून त्यांना आपण चुकल्याचं कळत नसेल.

आता तक्रार. मेसमध्ये पैशांचं काका बघतात आणि काका काकूंसारखे बोलत नाहीत. एका महिन्यात माझा पगार उशिरा होणार होता म्हणून मी विचारलं कधीपर्यंत दिले तर चालतील, काका म्हणाले "अगं होतील सावकाश, कुठे पळून चाललीयेस." मी सावकाश दिले. २६ तारखेला दिले. मधल्या काळात काका माझ्याशी बोलायचे बंद झाले होते, ते मला कळलं होतं पण त्याचा पैशांशी संबंध आहे हे कळलं नव्हतं, कारण सावकाश चालेल असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. नंतर काकूंकडून समजलं की त्यांच्या मते सावकाश म्हणजे दोनचार दिवस. मला याचं फार वाईट वाटलं, रात्रभर झोप नाही, किराणावाल्याचे पैसे अडकले होते म्हणे त्यांचे. आणि मला रागही आला, कारण "दहा तारखेपर्यंत दे" म्हटलं असतं तर मी दहा तारखेला सकाळी दिले असते. आता वहीत माझ्या नावापुढे "५ तारीख" लिहिलंय आणि तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. पण काका अजूनही बाकीच्यांना "होतील सावकाश" म्हणतात, तर नवीन मेंबरनी तारीख विचारून घ्या, त्यांना राग येत नाही विचारलं तर.

अजून एक, हे फक्त ऑटिस्टिक लोकांपुरतं नाही पण आमच्यात बरंच असतं. स्वतःच्या मनातलंही लवकर कळत नाही. त्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात, साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांमध्ये तो असतो असं अभ्यास सांगतात, आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायला जी अडचण येते त्यातली बरीचशी ऑटिझममुळे नसून यामुळे असावी असं जेफ बर्ड आणि रिचर्ड कुक यांनी २०१३ मध्ये मांडलं. माझ्याबाबतीत पोटात काहीतरी होतंय एवढं कळतं, ती भूक आहे की भीती की रडू येतंय हे कळायला कधीकधी दुसरा दिवस उजाडतो. त्यामुळे "कशी आहेस?" याला माझ्याकडे उत्तरच नसतं. काकू ते विचारत नाहीत. त्या विचारतात "दुपारी जेवलीस का?" आणि मी आठवून नाही म्हटलं की "मग आधी ताक पी आणि बस". बहुतेक वेळा दहा मिनिटांनी मला समजतं की ती भूकच होती. हे काकूंना कुणी शिकवलेलं नाही, त्यांनी एवढी वर्षं हॉस्टेलची पोरं जेवू घातलीयेत त्यातून आलंय.

सगळंच चांगलं आहे असं नाही. सव्वाआठ ते नऊ भयंकर गर्दी असते, स्टीलची ताटं धुवायच्या टाकीत आपटतात तो आवाज मला दातांत जाणवतो, आणि क्रिकेट मॅच असेल तर टीव्ही फुल. पावणेआठला चटणीसाठी मिक्सर लावतात. मी मिक्सरबद्दल बोलले, काकू म्हणाल्या ताजी चटणी तेव्हाच होते, नाही जमणार. नाही जमणार म्हणाल्या, बघू म्हणाल्या नाहीत, त्यामुळे मी वाट बघत बसले नाही, कानात घालायचे बोळे घेऊन आले. रविवारच्या फीस्टला रांग जिन्यापर्यंत जाते आणि लोक खेटून उभे राहतात, मी पार्सल घेते, पार्सलचे १० रुपये जास्त. बाथरूमची कडी नीट लागत नाही.

ऑटिस्टिक लोकांसाठी किंवा ज्यांचं मूल ऑटिस्टिक आहे त्यांच्यासाठी : सातला या, मिक्सरच्या आधी, खिडकीजवळचं शेवटचं टेबल घ्या, तिथे पाठीमागे भिंत आहे आणि कुणी मागून वाढायला येत नाही. आज काय आहे ते दाराजवळच्या फळ्यावर असतं, फोन केला तरी सांगतात. मुलाला एकच पदार्थ चालत असेल तर सरळ सांगा, इथे कुणी "असं कसं, सगळं खायला पाहिजे" म्हणत नाही. आणि कृपया मुलाच्या वतीने माफी मागू नका मावशींकडे, मी दोनतीन आईवडिलांना मागताना बघितलंय आणि मूल ते ऐकत असतं. वाटीचा नियम सांगा त्याला. पाच मिनिटांत कळेल.

जेवणाला पाचपैकी चार, आवाजाला दोन, माणसांना पाच.

या सोमवारपासून बुधवारपर्यंत मेस बंद आहे, काकूंच्या भाच्याचं लग्न आहे. गुरुवारी सकाळी अकराला उघडणार असं फळ्यावर लिहिलंय, आणि खाली मावशींनी मार्करने काढलंय, शेपू नाही.